कमरेच्या चार टिपा

स्वादुपिंडाच्या कर्करोगाचं मोठं ऑपरेशन होऊन शिंपी मास्तर घरी आले, त्याला पाच आठवडे झाले होते. चाळीस वर्षं एका जागी बसून विजारी शिवलेला माणूस, पण आता मशीनवर दहा मिनिटं टिकेना. उठायचे, खिडकीपाशी जायचे, परत यायचे. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, हे एक निमित्त. खरी बोच वेगळीच होती. वजन सावरलं तरच पुढच्या महिन्यात केमो सुरू होणार होती, आणि वजन तर उतरतच होतं.

दर सोमवारी दवाखान्यातून सिस्टरचा फोन यायचा.

"काका, काटा काय म्हणतो?"

"आहे तिथंच आहे," मास्तर ठोकून द्यायचे.

बायकोला कळू नये म्हणून त्यांनी हातचं कसब वापरलं. ती देवापुढे बसली की मास्तर विजार उलटी करून कंबर बोटभर आत घ्यायचे. मशीनचा आवाज झालाच तर "गिऱ्हाइकाची आहे गं!" म्हणायचे. विजार अंगाला चापून बसे, आणि बायको हरखून जाई. "बघा, माझ्या हातचं लागतंय की नाही अंगी!"

एका सकाळी धुवायला घेताना तिने विजार उलटी केली, तर कमरेला एकापुढे एक चार टिपा. तिने विजार पिशवीत कोंबली, नवऱ्याला पुढे घातलं आणि दवाखान्यात सिस्टरच्या टेबलावर ती उलटी पसरली.

"हा घ्या तुमच्या काकांचा काटा!"

मास्तर पुटपुटले, "कळलं असतं तर केमो लांबवली असती तुम्ही."

"आणि लपवून वजन वाढलं का? बरं, पचनाच्या कॅप्सूल कधी घेता?"

"सकाळीच!" बायको अभिमानाने म्हणाली. "पूजा आटोपली की दिवसभराच्या सगळ्या मीच हातावर ठेवते. देवाशपथ, एक दिवस चुकला नाही."

सिस्टरने कपाळाला हात लावला. "काकू, त्या जेवताना घ्यायच्या. पहिल्या घासाबरोबर एक, जेवण अर्ध्यावर आलं की एक. नाहीतर खाल्लेलं पचत नाही, तसंच वाहून जातं."

वाटेत तीच म्हणाली, "माझी एक चूक, तुमच्या चार."

तेव्हापासून ताटाआधी कॅप्सूलची डबी येई. मास्तर काट्यावर डोळे मिटून उभे राहत, आकडा बायको वाचे. तिसऱ्या सोमवारी तो अर्धा किलो वर गेला. फोनवर सिस्टरने केमोची तारीख दिली.

मास्तरांनी ब्लेड घेतलं आणि एक टीप उसवली.

"एकच?"

"तेवढीच कमावली," ते म्हणाले, आणि पुन्हा खिडकीकडे निघाले.