एकच काहून?

बाई आधी टेबलावर हात आपटायच्या, मग बोलायच्या. अकोल्याकडच्या मालेगावात त्या छळाला कंटाळून आलेल्या बायकांसाठी एक केंद्र चालवत. तिथल्या टॅबवरचा तक्रारीचा अर्ज मी बनवत होतो, म्हणून तो हात बहुतेक वेळा माझ्यासाठीच आपटे. तुमच्याही ओळखीत असं माणूस असेल. त्याची बोलणी खाल्ल्याशिवाय काम झाल्यासारखं वाटत नाही.

'तुमच्यावर काय अत्याचार झाला?' या प्रश्नाखाली मी गोल बटणं दिली होती. मारहाण, चटके, उपाशी ठेवणं, घराबाहेर काढणं. एक दाबलं की आधीचं पुसलं जाई.

"एकच काहून?" हात आपटला. "नवरा काय पाळीपाळीनं करते का?"

मी हसलो. तेव्हा त्यांनी किन्हीराजा गावाहून आलेल्या एका बाईला टॅबसमोर बसवलं. तिचा एक हात मोडलेला, गळ्यावर पोळल्याचे डाग. दुसऱ्या हाताचं बोट काचेवर थांबलं.

"बाई," तिने विचारलं, "यातलं सगळ्यात मोठं कोणतं म्हणू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथेच बसून मी गोलांचे चौकोन केले. तिने चारही चौकोनांत खुणा केल्या.

पुढचा प्रश्न होता, 'घरी परत जाणार का?' उत्साहात मी तिथेही चौकोन टाकायला गेलो.

"अकलेचे दिवे पाजळू नको!" बाई ओरडल्या. "इथं गोलच पाह्यजे. जाणं अन् न जाणं दोन्ही संगं होते काय? अन् आधीच कशावर ठिपका ठेवू नको. तिचं तिले ठरवू दे." मग तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "घाई नाही, माय."

तिचं बोट 'हो'कडे जाई आणि माघारी येई.

एवढ्यात तिचा नवरा कुऱ्हाडीचा दांडा घेऊन आला. बाई दारात आडव्या झाल्या. "मांगं सरक," एवढंच त्याला म्हणाल्या. दांडा कपाळावर बसला, मग खांद्यावर, मग परत डोक्यात. उंबऱ्यावर पडल्या पडल्याही त्यांनी त्याचे पाय कवटाळून धरले. मी आणि शेजारच्या चहावाल्याने त्याला खाली पाडलं. नंतर मी त्याला किती तुडवलं, मला आठवत नाही. चहावाल्यानेच मला ओढून बाजूला केलं.

अकोल्याला दवाखान्यात नेता नेता बाई गेल्या. मला अजून त्यांचा राग येतो. जरा बाजूला व्हायला काय झालं होतं त्यांना?

गाडी यायच्या आधी, कपाळाचं रक्त डोळ्यांत ओघळत असताना, त्यांनी आत मान वळवली होती.

"कोणतं दाबलं, माय?"

"'नाही' दाबलं," ती म्हणाली. "मी जात नाही, बाई."

"मंग रडतं कायले?" बाई म्हणाल्या.