माऊसमावशीचा ळ

माऊसमावशीने रागाच्या भरात अख्खा कम्प्युटर गॅलरीतून खाली टाकला आणि तो इस्त्रीवाल्याच्या डोक्यात पडता पडता राहिला, अशी बातमी मंगळवारी सकाळी दूध घरात यायच्या आत बिल्डिंगभर झाली होती. दुपारपर्यंत इस्त्रीवाल्याला चार टाकेही पडले. ते ऐकून खुद्द इस्त्रीवाला स्वतःचं डोकं चाचपत बसला.

तर खुलासा असा. कम्प्युटर जागच्या जागी आहे. फेकला गेला तो नुसता माऊस. तोही धड खाली पोचला नाही. त्याची वायर खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांत अडकली आणि तो दोन अभ्र्यांच्या मधे शेपटीने लोंबकळत राहिला. इस्त्रीवाला त्या वेळी तिथे नव्हताच. डोकं शाबूत आहे. आत काय आहे, ते त्याचं तो जाणे.

पण बाई एवढी भडकली कशावर, हे विचारायला कोणाला सवड आहे? टाके मोजायला मात्र सगळे हजर!

मावशी नळवाल्याची मुलगी. वडील पाने आणि वायसरांची पिशवी घेऊन घरोघर नळ दुरुस्त करत हिंडायचे. पहिलीत बाईंनी विचारलं, तुझे बाबा काय करतात? ही उभी राहून ठणकावून म्हणाली, "नल दुरुस्त करतात!" सगळा वर्ग फिदीफिदी हसला आणि पुढे वर्षभर तिचं नाव 'नली' पडलं. रडत घरी आली, तेव्हा बापाने तिला मोरीतल्या नळासमोर पाटावर बसवलं.

"अगं, जीभ म्हणजे पण नळच. सरळ ठेवलीस तर ल. मागे वळवलीस की ळ. फिरव बघू."

बादली भरेपर्यंत ळ म्हणायचा, असा रोजचा नेम झाला. नवव्या दिवशी तिच्या तोंडून खणखणीत 'नळ' आला. बाप इतका खूश झाला की भरलेल्या बादलीवर नळ तसाच सोडून नाचायला लागला आणि आई दोघांवरही ओरडली.

पुढे तीच मुलगी बालवाडीची बाई झाली. सव्वीस वर्षं शेंबडी नाकं पुसत तिने पोरांच्या जिभा वळवल्या. निवृत्त झाल्यावर वाचनालयातल्या कम्प्युटरच्या वर्गात नाव घातलं, तिथे शेजारच्या खुर्चीवर तिचाच जुना विद्यार्थी निघाला. दोन वर्षांत बाईंनी मुलांसाठी वेबसाइट उभी केली. चित्रं स्वतःची, आवाज स्वतःचा. तिची गाय सोफ्यासारखी दिसते, हे कबूल. पण त्या सोफ्यावर क्लिक करून किती पोरं ग ओळखायला शिकली! तेव्हापासून ती माऊसमावशी.

सगळ्यात लाडका खेळ नळाचा. पडद्यावर 'गोला' लिहिलेलं, वर एक नळ. मुलाने माऊसने नळ फिरवला की टप्पकन थेंब पडायचा, ल गोल वळायचा, त्याचा ळ व्हायचा आणि मावशीचा आवाज यायचा, "जीभ वळली, ळ मिळाला! गोळा!" पोरं ते ऐकायला पुन्हा पुन्हा नळ फिरवायची. बापाचा नळ इतक्या घरांत पोचला, याचं तिला कोण कौतुक!

गेल्या वर्षी मुलांचे खेळ बनवणारी एक कंपनी दारात आली. म्हणे, मावशी, तुमची वेबसाइट आम्ही तीनशे बालवाड्यांत नेतो. मावशीने खेळ दिले. आवाजाचं मात्र तिने ठरवून घेतलं की आधी चाचणीपुरता वापरा, मला पसंत पडला तर कायमची सही करीन. कंपनीच्या मशीनने तिचा आवाज ऐकून ऐकून उचलला, म्हणजे यापुढे धडे मशीननेच वाचायचे, मावशीच्या आवाजात. रविवारी ती नवी वेबसाइट चाचणीसाठी सुरू झाली.

सोमवारी संध्याकाळी शिंपीणकाकूंची पाच वर्षांची नात, जिला सगळे भिंगरी म्हणतात, धापा टाकत वर आली.

"मावशी, मी शालेत फल्यावर बालाचं चित्र काढलं!"

"शालेत नाही गं. शाळेत, फळ्यावर, बाळाचं. जीभ वळव."

भिंगरीने कमरेवर हात ठेवले. "तूच तर म्हणतेस शाला!"

"मी? कधी म्हटलं?"

"कम्प्युटरमध्ये. कालपासून म्हणतेस."

मावशीने वेबसाइट उघडली. तिचाच आवाज, तिचाच लाडिक हेल, आणि काय ऐकू आलं? "चला बालांनो, शालेत जाऊ या!" तिने नळ फिरवला. थेंब पडला. गोला गोलाच राहिला. वर तिचाच आवाज किंचाळला, "शाब्बास! गोला!" आणि पडद्यावर चाळीस फुगे फुटले. तिने मुळाक्षरं काढली. ह नंतर थेट क्ष. मधे रिकामी जागासुद्धा ठेवली नव्हती.

तळपायाची आग मस्तकात गेली. माऊस बाहेर गेला तो तेव्हा.

मग कंपनीतल्या मुलीला फोन. ती बिचारी खरं बोलली. "मावशी, साचा दुसऱ्या भाषेचा आहे. त्यात ळला घरच नाही. मशीन ळ दिसला की ल म्हणतं. मी सांगितलं होतं साहेबांना. ते म्हणाले, चालेल, मुलांना काय कळतंय."

मुलांना काय कळतंय! मावशी दोन दिवस हेच वाक्य दाताखाली खड्यासारखं चावत होती. मोठ्या माणसाला उसवलेला सदरा विका बरं, दुकानात येऊन गळा धरेल. पोरांना उसवलेली भाषा द्या, ती टाळ्या वाजवतील, कारण फुगे फुटले ना! म्हणून द्यायची? आणि कोणाच्या तोंडून? जिच्या बापाने तिला ळ शिकवायला नऊ दिवस मोरीत उकिडवं बसून काढले, तिच्याच? तीनशे बालवाड्यांतली पोरं बाईंनी चूक दाखवली की आता भिंगरीसारखी कमरेवर हात ठेवून म्हणणार, मावशीच म्हणते!

गुरुवारी साहेब स्वतः आले. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, चेहऱ्यावर मऊसूत हसू. शिंपीणकाकू माऊस परत द्यायच्या निमित्ताने आधीच येऊन बसल्या होत्या. माऊस कधीच देऊन झाला होता. काकू उठायचं नाव घेत नव्हत्या.

"मावशी, सोमवारपासून शाळांत सुरू होतंय. तेवढी सही राहिलीय."

"ळ आला?"

"पुढच्या वेळी नक्की. आत्ता साचा बदलायचा तर महिना जाईल."

"जाऊ दे महिना. माझे नऊ दिवस गेले होते."

"कसले?" साहेबांना काही उमगलं नाही. "एवढ्याशा एका अक्षराने काय बिघडतंय, मावशी? आवाज किती गोड आलाय तुमचा!"

"हो ना, गोड खोटं बोलतेय मी घरोघर!"

"अहो, मुलांना नाही कळत फरक."

"आमच्या भिंगरीला कळतं हो," काकू मधेच म्हणाल्या. "ती मलाच 'काकू, डोले मिटा' म्हणायला लागलीय. आजी म्हणायची सोडलीन ती वेगळंच!"

साहेबांनी काकूंकडे दुर्लक्ष करून कागद पुढे सरकवला आणि पेनाचं टोपण स्वतःच काढून दिलं. कागद त्यांच्या मशीननेच लिहिलेला होता. मावशीने चष्मा लावला. पहिली ओळ वाचली. परत वाचली. पेनाला टोपण लावलं आणि पेन साहेबांच्या खिशात खोचून दिलं.

"साहेब, इथे लिहिलंय, 'मूल आवाजाचे सर्व हक्क कंपनीला.' मूळ तुम्ही आधीच खाल्लंत, आता मूलही मागताय? ते मिळायचं नाही. आधी माझा ळ घेऊन या. तोवर नळ बंद."