पाराला वळसा

लग्न होऊन देवणीजवळच्या त्या गावात आली, तेव्हा सुकन्याने धावण्याचे बूट साड्यांच्या तळाशी ठेवून आणले होते. लातूरला महाविद्यालयात असताना ती लांब पल्ल्याच्या शर्यती धावली होती. आता देवणीच्या शाळेत गणित शिकवत होती. नवरा आदिनाथ नांदेडला नोकरीला. पहिल्या दिवाळीला त्याने तिच्यासाठी मार्ग दाखवणारे घड्याळ आणले. सासूबाईंनी, सिंधुबाईंनी, धावायला मनाई केली नाही. एवढेच म्हणाल्या, "पारावरून जायचं न्हाई."

मारुतीचा पार गावातल्या सडकेला लागूनच होता. त्याच्यासमोरून जाताना सुनांनी डोक्यावर पदर घ्यायचा आणि चप्पल हातात धरायची, ही रीत कोणी शिकवत नसे आणि कोणी मोडतही नसे. सासरे किशनराव रोज पहाटेपासून तिथेच बसत.

म्हणून सुकन्या रविवारी बसून मार्ग आखू लागली. घड्याळाच्या ॲपमधल्या नकाशावर एकेक ठिपका ठेवत ती रेघ गोठ्यांच्या मागून, ओढ्याच्या काठाने काढी आणि गावाबाहेर देवणीच्या रस्त्याला मिळवी. ॲप मात्र ती रेघ पुन्हा पुन्हा सडकेवर, थेट पारासमोर ओढून नेई. ओढ्याकाठची पायवाट त्याला ठाऊकच नव्हती. मग ती रेघ सडकेला चिकटवण्याची सोय बंद करी, ठिपके नव्याने ठेवी आणि मार्ग घड्याळात भरी. पहाटेच्या अंधुक उजेडात मनगटावरचा बाण तिला बांधाबांधाने बाहेर काढी. तिचा स्वतःचा मोबाइल पडून फुटला होता, त्यामुळे घड्याळ तिने घरातल्या मोबाइलला जोडले होते. त्याच मोबाइलवर किशनराव सोयाबीनचे भाव पाहत.

हिवाळा सरत आला तेव्हा पारावर रोज बसणाऱ्या श्रीमंतरावांनी विषय काढला. "किशनराव, तुमची सून रोज वढ्याकडून पळायलीय. मागं कुत्रं लागलंय, का पुढं कुणी थांबलंय?"

लोक हसले. किशनराव उठून घरी आले. मोबाइल ओट्यावरच होता आणि सुकन्याने नुकताच आखलेला मार्ग पडद्यावर तसाच होता. त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिल्यावर तिला हाक मारली.

"हे आपलं गाव हाय?"

"हाव, मामा."

"अन् ही निळी रेघ तुझी?"

"हाव."

"धड सडक सोडून वढ्याला कशाला गेली?"

उत्तर दारातून सिंधुबाईंनी दिले. "मीच सांगितलं तिला. तुम्ही समदे बसलेले, तुमच्या म्होरून बूट घालून कशी पळंल ती?"

"अन् चोरावानी मागून पळंल, तर लोक काय म्हणतील? ऐकून आलो मी आत्ता."

"मामा, वाट बदलते," सुकन्या म्हणाली. "पळणं बंद करा म्हणू नका."

किशनराव नकाशाकडे पाहत राहिले. गावातून इतकी वळणे घेत जाणारी ती रेघ एका पारापासूनच दूर राहिली होती. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"सडकेनं जा. पारापाशी बूट तेवढे हातात घे."

त्या दिवशी तिने नवा मार्ग आखला. या वेळी ॲपने हट्ट केला नाही. रेघ आपोआप सडकेवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाराच्या अलीकडे ती थांबली, खाली बसून नाड्या सोडल्या, ओढणी डोक्यावर घेतली आणि बूट हातात धरून गार खडीवरून चालत गेली. पारावरचे बोलणे थांबले. किशनराव मारुतीकडे पाहत होते. पार मागे पडल्यावर पिठाच्या गिरणीपाशी तिने तळव्यांची माती झटकून बूट चढवले. वेग तुटला म्हणून मनगटावर घड्याळ थरथरत होते. धावण्याची लय मोडली होती, पोटऱ्या आखडल्या होत्या. धाव पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागली.

पुढे हे रोजचेच झाले. श्रीमंतरावांनी पुन्हा विषय काढला नाही.

महिन्याअखेरीस आदिनाथचा नांदेडहून फोन आला. तिच्या धावण्याच्या नोंदी त्यालाही ॲपवर दिसत.

"गावातच रोज थांबायलीस. तेही एकाच जागी. पाय दुखतो का?"

"न्हाई," ती म्हणाली. "बूट बांधते."

तो त्याच गावात वाढला होता. पारापाशी सुना काय हातात घेतात, हे त्याला सांगावे लागले नाही.