हुंडेवाल्यांना साडी नाही

चिकपेटेतल्या एका गल्लीत देवाप्पांचं साड्यांचं घाऊक दुकान. माणूस निपाणीकडचा, घरात मराठी, गल्ल्यावर कन्नड. दुकान चालायचं ते लग्नातल्या मानपानावर. वरमाईला एक साडी, आत्याला एक आणि रुसणाऱ्या काकूला दोन. कशाच्या तरी बाजूने उभं राहायची वेळ देवाप्पांवर कधी आली नव्हती आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नव्हतं.

मग पुतण्या संग्राम जाहिरातीचं काहीबाही शिकून आला. हल्ली मोठ्या कंपन्या सामाजिक भूमिका घेतात, लोकांना ते फार आवडतं, असं त्याने काकांच्या गळी उतरवलं. भूमिका कोणती घ्यायची यावर बराच खल झाला. झाडांशी साड्यांचा संबंध लागेना आणि भाषेच्या भानगडीत पडायला देवाप्पा तयार नव्हते. शेवटी कोणाला झोंबणार नाही अशी एक सापडली. दारावर ठळक पाटी लागली : हुंडा घेणाऱ्यांना इथे साडी मिळणार नाही.

लोकांनी पाटी अगदी डोक्यावर घेतली. बायका तिच्यापाशी उभ्या राहून फोटो काढायच्या. पेपरात बातमी आली. साडी नाकारायची वेळ मात्र एकदाही आली नाही, कारण हुंडा कोणी घेतच नव्हतं. मुलींचे बाप हौसेने गाड्या देत होते आणि जावई बिचारे नाइलाजाने त्या चालवत होते. एक गृहस्थ तर पाटीला हात जोडून आत शिरले आणि व्याह्यांनी फर्मावलेल्या साड्यांचे गठ्ठे बांधून घेऊन गेले. धंदा वाढला. आपण समाजसुधारक आहोत, हे देवाप्पांना आधी लोकांकडून कळलं आणि मग मनापासून पटलं.

काळजी एकच होती, मुलीची. पवित्राला इलेक्ट्रॉनिक सिटीत चांगली नोकरी होती, पण लग्न जमत नव्हतं. पाटीची बातमी वाचून येसाजीराव नावाचे गृहस्थ आपणहून मुलाला घेऊन घरी आले. अशा घराशी सोयरीक म्हणजे भाग्य, असं चहा येईपर्यंत दोनदा म्हणाले. त्यांना काही म्हणजे काहीच नको होतं. फक्त मुलाच्या नावावर इलेक्ट्रॉनिक सिटीकडे एखादा फ्लॅट झाला, तर पवित्रालाच ऑफिस जवळ पडलं असतं.

चालून आलेलं स्थळ हातचं जाईल या भीतीने देवाप्पांच्या तोंडून गल्ल्यावरचं "सरी", म्हणजे "ठीक आहे", निघून गेलं.

पवित्राने चहाचा ट्रे खाली ठेवला.

"अप्पा, असल्या माणसांना आपण साडी देत नाही. मुलगी देतो होय?"

देवाप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अगं, ती पाटी गिऱ्हाइकांसाठी आहे," ते हळूच म्हणाले. येसाजीरावांनी समजूतदारपणे मान डोलावली. व्यवहार त्यांनाही कळत होता.

पवित्राने दार उघडलं आणि पाहुण्यांना त्यांच्या चपला दाखवल्या. देवाप्पा सवयीने पोचवायला उठले.

"तुम्ही बसा, अप्पा," ती म्हणाली. "ही गिऱ्हाइकं माझ्यासाठी आली होती."