दादाची शीळ आणि शेठचा बैल

बियाणेवाला शेठ जाऊन आता कितीतरी वर्षं झाली, तरी त्याचं नाव कुणी काढलं की मला हातातलं काम खाली ठेवावं लागतं. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलते. जिवंतपणी चांगलं बोलायची सोय त्याने ठेवली नव्हती, मग आता ते कुठून आणू?

गोष्ट मात्र त्याची नाही, माझ्या थोरल्या भावाची. दादा गोऱ्हे शिकवायचा. आसपासच्या वस्त्यांवरचे शेतकरी मस्तीला आलेले गोऱ्हे आमच्या अंगणात आणून बांधायचे, आणि दादा त्यांना जू मानेवर घ्यायला, नांगराची रेघ धरायला, भरली गाडी घेऊन उतारावर थांबायला शिकवायचा. दुसरे लोक हे काम आसुडाने करायचे. दादाच्या हातात मी कधी साधी काठी पाहिली नाही. पोरवयात एका खोंडाच्या लाथेने त्याच्या पुढच्या दाताचा टवका उडाला होता. त्या फटीतून तो शीळ घालायचा. लांब शीळ म्हणजे थांब. दोन तुटक म्हणजे चल. खाली उतरत जाणारी म्हणजे मागे सर. आवाज इतका बारीक की बाजाराच्या गलक्यात माणसाला पत्ताही लागायचा नाही, पण बैलाचे कान लगेच वळायचे. आई म्हणायची, "माझ्याशी बोलायला याला तोंड नाही, आणि बैलांशी गप्पा बघा कशा रंगतात!"

शिकलेला बैल परत देण्याआधी त्याचं "तोंड बदलावं" लागायचं. म्हणजे मालकाने काही आठवडे रोज आमच्याकडे यायचं, बैल स्वतः हाकायचा, थांब आणि चल आपल्या तोंडाने म्हणायचं, आणि दादाने ओठ मिटून बाजूला बसायचं. हळूहळू बैल शीळ सोडायचा आणि मालकाचा शब्द धरायचा. हे न करता बैल नेला, तर तो खाणार मालकाचं आणि ऐकणार दादाचं. गोऱ्हे आणणाऱ्या सगळ्यांना हे ठाऊक होतं, त्यामुळे कुणी घाई करत नसे.

शेठचं बियाण्याचं दुकान बाजाराच्या तोंडाशीच होतं. गावात बी मिळायचं ते तिथेच. माणूस बोलायला इतका गोड की चार वाक्यांत समोरच्याला वाटावं, हा आपला सख्खा. ओठांत एक आणि पोटात एक. एकदा दादा त्याच्या घरी काही कामाला गेला होता, तेव्हा मागच्या गोठ्यात शेठची गाय विताना मेलेली होती आणि शेजारी वासरू नुसतं धापा टाकत पडलं होतं. शेठने नाकाला उपरणं लावलं.

"ने रे ते इथून," तो दादाला म्हणाला. "मेलं तर पुरून टाक, जगलं तर तुझं. मला गोठ्यात घाण नको."

शेठचा गाडीवान तिथेच टोपली धरून उभा होता. त्यानेच वासरू दादाच्या खांद्यावर चढवून दिलं.

आईने त्याला शेळीचं दूध बोळ्याने पाजलं. थंडी पडली तेव्हा दादाने स्वतःची गोधडी त्याच्यावर घातली आणि आपण कडब्यात घुसून झोपला. वासराचे पाय इतके बारीक की मी त्याला काड्या म्हणायला लागले, आणि पुढे तो दारातून आत येईना एवढा झाला तरी नाव काड्याच राहिलं. आमचा स्वतःचा असा तो पहिलाच बैल. बाकी सगळे आले, शिकले आणि गेले. काड्याला मात्र कुणाच्या तोंडाची सवय लावायची नव्हती, म्हणून दादाने आपली सगळी विद्या त्याच्यात ओतली. घरात बसून शीळ घातली तरी तो अंगणात गाडी मागे घेऊन बरोबर भिंतीला लावायचा. लग्नाचं विचारलं की दादा हसून काड्याकडे बोट दाखवायचा.

मग एका बाजारी कुणी परगावचा व्यापारी काड्याची पाठ थोपटत शेठला म्हणाला, असा बैल या मुलखात दुसरा नाही. झालं. दुसऱ्याच दिवशी शेठ आमच्या दारात.

"छान सांभाळलास हो माझा बैल," तो म्हणाला. "सांभाळायला दिला होता, पण इतकं करशील असं वाटलं नव्हतं. आता नेतो."

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. दादाने बाजारातल्या जाणत्या माणसांना बोलावलं. ती बसली शेठच्याच दुकानात, बियाण्याच्या पोत्यांवर. पेरणी अजून व्हायची होती आणि प्रत्येकाला त्या पोत्यांतलं काही ना काही हवं होतं. गाडीवानाला विचारलं, शेठ काय म्हणाला होता? त्याने पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली.

"नीट आठवत नाही," तो म्हणाला.

"याला कुणीतरी बदाम खायला घाला रे," आई म्हणाली. "एवढ्यात आठवण गेली!"

कुणी हसलं नाही. गाडीवान खाल्ल्या मिठाला जागला, एवढंच. जाणत्यांच्या निवाड्याने काड्याचा कासरा शेठच्या हातात गेला तेव्हा दादा फक्त इतकं म्हणाला, "तोंड तरी बदलू द्या. काही आठवडे माणूस पाठवा."

"बैलाला कसलं तोंड?" शेठ म्हणाला. "खायला घालतो तो मालक. चल रे."

त्या रात्री आमच्या घरात कुणी जेवलं नाही. मी शेठला जितक्या शिव्या येत होत्या तितक्या दिल्या, आणि संपल्या तेव्हा पहिल्यापासून दिल्या. दादा काड्याच्या रिकाम्या जागेवरचा कडबा झाडत बसला. पण मी त्याची बहीण. त्याने शेठवर दात धरला होता, आणि तो धरला की सोडायचा नाही हे मला माहीत होतं. त्याचा हिशेब सरळ होता: बैल शेठच्या कामाचा नाही हे शेठला पटलं, की तो स्वतःहून टाकून देईल. जे नको ते टाकायची त्याला सवयच होती.

बाजाराचा रस्ता आमच्या ओट्यासमोरून खाली उतरायचा. पुढच्या बाजारी दादा ओट्यावर दोर वळत बसला. मी शेजारी शेंगा सोलत होते. वरून शेठची एका बैलाची गाडी आली. काड्याच्या शिंगांना रंग, पाठीवर नवी झूल, आणि शेठ नव्या कोटात असा बसलेला की जणू गाव त्याने नुकतंच विकत घेतलंय. दादाने जिभेने दाताची फट चाचपली. मी सोलणं थांबवलं. लांब शीळ गेली आणि काड्या जागच्या जागी उभा राहिला. शेठ पुढे गाडीवानाच्या पाठीवर आदळला आणि त्याचा चष्मा रस्त्यावर. शेठने हाका मारल्या, चुचकारलं, शेपूट पिरगळलं. काड्या ढिम्म. दादा मान खाली घालून दोर वळत होता. पोटभर बघून झालं तेव्हा त्याने दोन तुटक शिळा घातल्या आणि गाडी अशी सुटली की शेठ मागे उताणा.

मी इतकी हसले की सोललेल्या शेंगा सांडल्या.

त्यानंतर प्रत्येक बाजार आमचा सण. एकदा शेठ दुकानासमोर पोती उतरवायला उभा होता आणि दादा पलीकडच्या लोहाराकडे नुसता जाऊन बसला. उतरती शीळ गेली. काड्या मागे, मागे, मागे, आणि गाडीचं चाक गटारात. पोती फुटली. पुढे गटारात मूग तरारून वर आले आणि लोक त्याला "शेठचं शेत" म्हणायला लागले. येणारा जाणारा विचारायचा, "काय शेठ, पीक कसं आहे यंदा?" शेठचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. मी मुद्दाम वाट वाकडी करून बघायला जायचे.

पेरणीआधीचा मोठा बाजार आला. त्या दिवशी सगळ्या वस्त्या गावात लोटायच्या आणि शेठची वर्षाची निम्मी विक्री व्हायची. तो गाडी घेऊन बरोबर चौकात आला तेव्हा दादाने शीळ घातली. काड्या थांबला. मागे गाड्या तुंबल्या, पुढे गाड्या तुंबल्या, कोंबड्यांची खुराडी उलटी झाली. शेठने पायातला जोडा काढून हाणला. आणि काड्या चौकात खालीच बसला.

"बसला कसा?" दादा माझ्या कानाशी पुटपुटला. "बसायला मी शिकवलंच नाही."

"बसेना का!" मी म्हटलं. "बरंच झालं."

गर्दीतून कुणी ओरडलं, "ज्याला स्वतःचा बैल उठवता येत नाही, त्याचं बी कसलं उगवणार!" अख्खा चौक हसला. एकेक जण दुसऱ्या गावच्या बीवाल्याच्या पालाकडे सरकायला लागला. ते बघून शेठची साखर एकदाची विरघळली.

"सोडा रे याला!" तो किंचाळला. "नको मला हे नाठाळ ढोर! ज्याला हवं त्याने न्या!"

आई मीठ घ्यायला आली होती. ती गर्दीतून पुढे झाली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सगळ्यांनी ऐकलं ना? गाडीवाना, तू पण ऐकलंस? आता आठवणीत ठेव म्हणजे झालं."

दादाने जाऊन काड्याला जुवातून मोकळा केला. दोन तुटक शिळा घातल्या. काड्या धडपडत उठला आणि त्याच्यामागून चालू लागला. गाडी चौकातच उभी, आणि शेठ तिची दांडी धरून. एवढा गोड दिवस माझ्या आयुष्यात दुसरा नाही.

घरी आणल्यावर दादाने झूल काढायला घेतली. ती निघेना. पाठीला चिकटली होती. आईने कोमट पाणी ओतून ओतून ती सोडवली तेव्हा खाली कातडं नव्हतंच म्हणायला हरकत नाही. आसुडाचे वळ एकावर एक, आणि शेपटीच्या मुळाशी पराणीच्या खिळ्याने केलेल्या टोचांची चाळण झालेली. काही जखमा जुन्या, काही ओल्या.

तेवढ्यात गाडीवान झूल मागायला आला. त्याने दादाकडे पाहिलं नाही.

"बाजाराहून परत गेलं की शेठ मागचं फाटक लावायचे," तो म्हणाला. "जितक्या वेळा थांबला, तितकी शिक्षा. शेठ म्हणायचे, थांबतो म्हणजे काय! झूल त्यासाठीच घातली होती."

"आणि तू?" मी म्हटलं. "तुला तोंड नव्हतं? तेव्हाही नव्हतं, आताही नव्हतं? एक शब्द आमच्या कानावर घातला असतास तर?"

"मला काय माहीत तो का थांबतो ते," गाडीवान म्हणाला. मी ती रक्ताने भरलेली झूल त्याच्या तोंडावर फेकली. तो ती घेऊन गेला.

जखमा भरायला पेरणी उलटून गेली. दादा हळद-तेल लावायचा, माश्या वारायचा, पण तोंडातून आवाज काढायचा नाही. पाठीवर नवे केस आले तेव्हा एका सकाळी त्याने काड्याला अंगणात मोकळा सोडला. काड्या पाण्याच्या डोणीकडे निघाला होता. दादाने अगदी हलकी लांब शीळ घातली.

काड्या थांबला. मग त्याने मागचे पाय वाकवले, पाठ खाली घेतली आणि डोळे घट्ट मिटून घेतले. सगळं अंग थरथरत होतं. तो माराची वाट बघत होता.

मला फक्त शेठ दिसत होता. "मी त्याचं दुकान जाळते," मी म्हटलं. "गावासमोर त्याचं फाटक उघडून दाखवते. त्याला सोडायचं नाही, दादा."

"शेठचं काय घेऊन बसलीस?" दादा म्हणाला. "तो दर वेळी मार खाणार हे कळत असून थांबायचा. थांब म्हणत होतो मी."

दुकान मी जाळलं नाही, पण शेठला माफही केलं नाही, आणि आजही करणार नाही. दादाने मात्र पुन्हा शीळ घातली नाही. ज्यांनी गोऱ्हे आणले त्यांना त्याने दुसरीकडे जायला सांगितलं. काड्याला पाण्यावर न्यायचं असलं की तो त्याच्या मानेवर हात ठेवून शेजारून चालायचा, आणि थांबायचं असलं की आधी स्वतः थांबायचा.