खांद्यावर आडवी काठी

ज्या खुन्याची बातमी तुम्ही सगळे सकाळपासून फॉरवर्ड करताय, तो माझा मित्र होता.

सुदाम.

काल दुपारी सरकारी दवाखान्यात वारला. कावीळ झाली होती, जेलमधूनच आणलं होतं.

आधीच सांगते, कमेंटमध्ये मला अक्कल शिकवू नका. त्यानं काय केलं ते मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. शेंद्र्याजवळच्या एका गोडाऊनवर दरोडा टाकला आणि रखवालदाराच्या डोक्यात लोखंडी रॉड घातला. तो माणूस वाचला नाही. त्यालाही बायको होती, पोरं होती. मी सुदामची वकिली करत नाहीये.

मला फक्त रडायचंय. घरात सगळे गप्प आहेत, म्हणून इथं लिहितेय.

पुंडलिकनगरला आमच्या वरच्या खोलीत तो भाड्यानं राहायचा. करमाडकडचा, घरी मेंढरं, आणि डोक्यात फौजदार व्हायचं खूळ. त्याची आई अधूनमधून बसनं यायची, भाकरी आणि ठेचा घेऊन. आम्ही तिला मावशी म्हणायचो. निम्मा ठेचा मी जिन्यातच संपवायचे, आणि सुदाम वरून ओरडायचा, "मुग्धे, पोटात आग पडंल!"

पास झाला. ट्रेनिंग करून पहिल्यांदा वर्दीत आमच्याकडं आला. अंगणात उभा राहिला तो काठी मानेमागं आडवी टाकून, दोन्ही हात तिच्यावरून लोंबकळत सोडून. रानात मेंढरं राखताना उभा राहायचा, अगदी तसाच.

माझे बाबा कलेक्टर ऑफिसातून रिटायर झालेले, शिस्तीचे. म्हणाले, "काय हो फौजदार, मेंढ्या कुठं ठेवल्या?"

सुदाम असा लाजला! "काका, ट्रेनिंगला पण ह्याच्यावरून लई शिव्या खाल्ल्या. जातच नाय सवय."

तो हसरा सुदाम मला पुरून ठेवायचाय मनात. बाकीचा नको.

पण बाकीचा पण तोच होता.

नोकरीत एकदा विहिरीत पडलेल्या लहान मुलीला काढायला तो स्वतः उतरला. उशीर झाला होता. त्यानंतर त्याची झोप गेली ती गेलीच.

"डोळा मिटला की हाताला तिची वेणी लागती," एवढंच बोलला माझ्याशी.

मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. मीही येते सोबत.

"फौजदारानं वेड्याच्या डॉक्टरकडं जायचं? स्टाफ हसंल ना माझ्यावर."

मग दारू. मग एका आरोपीला कोठडीत इतकं मारलं की त्याचा एक कान कायमचा गेला. सुदामची नोकरी गेली. बरंच झालं, असं मी तेव्हाही म्हटलं होतं, आजही म्हणते. पण त्यानंतर तो गायबच झाला. गावी नाही, शहरात नाही, फोन बंद.

मावशींचा मला फोन यायचा, "बाई, सुद्या दिसला का कुठं?"

ज्यांना एकेकाळी बेड्या घातल्या त्यांच्यातच जाऊन बसला होता. ते नंतर कळलं.

दरोड्याच्या सीसीटीव्हीत तिघं दिसत होते, तिघांचीही तोंडं बांधलेली. पोलिसांना धागा मिळेना. एक हवालदार ती क्लिप मोबाईलवर घेऊन गावोगाव फिरत होता. असाच मावशींच्याही दारात थांबला.

मारहाणीच्या आधीचा तुकडा होता. दोघं शटरशी वाकलेले. तिसरा राखण करत उभा, रॉड मानेमागं आडवा, दोन्ही हात त्याच्यावरून लोंबकळत.

"मावशी, ह्यातलं कुणी ओळखता का?"

त्या माउलीला किती महिने लेक दिसला नव्हता. तिनं मोबाईल दोन्ही हातांत धरला.

"अगं बया! ह्यो तर माझा सुद्या! कुठं हाय ओ ह्यो? लई वाळलाय. जेवतो का नाय?"

हवालदारानं प्यायला पाणी मागितलं म्हणे. प्यायला आणि निघून गेला.

त्याच आठवड्यात सुदामला उचललं.

जेलमध्ये भेटायला मावशी एकदाच गेल्या. जाळीच्या पलीकडून तो म्हणाला, "तोंड बांधलं होतं की गं. तरी वळखलंस?"

रागानं नाही म्हणाला, हसून म्हणाला, असं मावशी मला पुन्हा पुन्हा सांगायच्या. पण तेव्हापासून त्यांनी फोटो बघणंच सोडलं. कुणी मोबाईल पुढं केला की तोंड फिरवायच्या. लग्नाचा असो, बारशाचा असो. "मला नाय दिसत," म्हणायच्या. डोळे चांगले ठणठणीत.

काल त्यांच्यासोबत शवागारात मी गेले होते. पोलिसानं चादर खाली केली. हळदीसारखा पिवळा पडला होता सुदाम.

"मावशी, मुलगाच ना तुमचा?"

मावशींनी वाकून बघितलं.

"नाय."

"नीट बघा."

"नाय म्हणते ना! ह्यो माझा नाय."

पोलीस माझ्याकडं बघायला लागला. मी मावशींना बाहेर बाकावर आणून बसवलं. माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "मागं व्हय म्हणले, तर नेला त्याला. आता नाय म्हणते. सोडतील."

मी म्हटलं, "मावशी, या वेळी तुम्ही व्हय म्हणलात तरच सोडतील."

मावशी उठल्या. मग पदर खोचला आणि एकट्याच आत गेल्या. मी दारातून बघत होते. त्यांनी त्याच्या मानेमागं हात घातला, जिथं काठी असायची तिथं.

"व्हय. माझाच हाय. द्या."

आज सकाळी माती झाली. गावातली माणसं मोजकीच आली. वर्दीतलं कुणी नव्हतं. फक्त तो हवालदार साध्या कपड्यांत लांब उभा होता. मावशींनी त्याला ओळखलं, आणि कुणाकडून तरी पाणी पाठवलं.

सुदाम, तुझ्यासाठी मोठे शब्द लिहायला हात उचलत नाही माझा. तू लाडका होतास, आणि तू फार वाईट केलंस.

आईनं तुला घरी आणलं. आता जा.

तिकडं तो रखवालदार भेटला, तर आधी त्याच्या पाया पड.