लेस्लीचा वाटा

पुलगावच्या रेल्वे चाळीत आमच्या शेजारी एथेलबाई रिबेरो राहायच्या. रेल्वेच्या शाळेत शिकवायच्या. नवरा लेस्ली मेल गाडीचा ड्रायव्हर होता. तो तापाने गेला, तरी बाईंचा रविवारच्या जेवणाचा बेत चुकला नाही. नारळाच्या दुधातला पिवळा भात, खिम्याच्या गोळ्यांचं कालवण, आणि टेबलावर त्याचीही बशी. वास आला की आमच्या सासूबाई उदबत्ती लावायच्या.

नाताळाच्या आधी कुलकुल करायचा एक दिवस असे. मैदा, अंडी, नारळाचं दूध घालून पीठ मळायचं. बोराएवढी गोळी जेवायच्या काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबून गुंडाळली की रेघारेघांचा शिंपला होतो. तो तळून पाकात टाकायचा. घरातल्या प्रत्येकाने हात लावायचा, अशी त्यांच्यात रीत. मुलगी मेबल लग्न होऊन विलायतेला गेली, तेव्हापासून मी जाऊ लागले.

"काऊन वं कोकिळा, मेमच्या घरी अंड्याचं पीठ वळून राह्यली?" सासूबाई म्हणायच्या.

"हात धुऊनच येते ना, आत्याबाई."

"हात धुशीन. नाक कसं धुशीन?"

गेलेल्याचाही वाटा असे. लेस्लीच्या खुर्चीपुढे पिठाचा गोळा आणि काटा ठेवायचा. दरवर्षी तो गोळा तसाच सुकून जाई, मग बाई तो चिमण्यांना टाकत. आम्ही पितरांना पान वाढतो, तसंच ते. मला त्यात वावगं वाटलं नाही.

छप्पन साली बाई नोकरीतून सुटल्या. क्वार्टर सोडायचं होतं, मेबलने बोटीचं तिकीट पाठवलं होतं. पण सामानाची पेटी न भरता उघडीच पडलेली.

"हम जाएगा तो लेस्ली इधर अकेला बैठेगा," त्या म्हणाल्या. "उसको पूछे बगैर कैसे जाएगा?"

त्या वर्षी नाताळाआधी, दुपारी कुलकुल वळून झाल्यावर त्यांनी खुर्चीकडे बघून विचारलं, "लेस्ली, मेबल बुलाती है. चलेगा?"

आम्ही मागच्या अंगणात शेगडी पेटवायला गेलो. घरात दुसरं कोणी नव्हतं, पुढच्या दाराला आतून कडी होती. परत आलो तर खुर्चीपुढचा गोळा नाही. त्याच्या जागी कुलकुल मांडलेले. माझ्या आणि बाईंच्या कुलकुलांवरच्या रेघा उजवीकडे कललेल्या होत्या, या डावीकडे.

"लेस्ली डावखुरा था," बाई हळूच म्हणाल्या.

मी मनातल्या मनात रामरक्षा सुरू केली. बाई मात्र घाबरल्या नाहीत. इतकी वर्षं ज्याने हात लावला नाही त्याने आज लावला, म्हणजे तो निघाला, असं त्यांनी धरलं. मला उलट वाटत होतं. घरचं काम करतो तो घरातच राहणारा. पण त्यांचं तोंड इतकं उजळलं होतं की मी बोलले नाही. त्याचे कुलकुल त्यांनी वेगळे तळले, वेगळ्या डब्यात भरले.

नाताळ झाल्यावर त्यांना मुंबईच्या गाडीत बसवायला आम्ही दोघं नवराबायको गेलो. तळून आठवडा उलटला होता, आणि सकाळची बोचरी थंडी. खिडकीतून मी तो डबा द्यायला गेले, तर तो नुकता शेगडीवरून उतरवावा तसा गरम. मी पदराने धरला. बाईंनी तो घेतला, मांडीवर ठेवला आणि खिडकीजवळची जागा मोकळी ठेवून आत सरकल्या.

गाडीच्या डब्यात माणसं उभी होती. गाडी हलेपर्यंत त्या जागेवर कोणीही बसलं नाही.